भेसळ न करणारा माणूस

दामूअण्णा हृदयाच्या गोळ्या न्यायला माझ्या दुकानात येत, तेव्हा कधी कधी गोळ्यांना हातच लावत नसत. कापडी पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी फाकवून काउंटरपुढे धरायचे आणि म्हणायचे, "ताई, वरनंच टाका यात. आज हात बाटलेलं हायत." म्हणजे ते मटणावरून उठून आलेले असत. हात धुतलेले असले, वर लिंबू चोळलेलं असलं, तरी चालायचं नाही. घरी जाऊन अंघोळ केल्याशिवाय गोळीला स्पर्श नाही. भिसेगावात मेडिकल चालवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. औषधं खिशात कोंबणारे पाहिले, दुकानाच्या पायरीवरच तोंडात टाकणारे पाहिले, चव आवडली म्हणून खोकल्याची बाटली पुन्हा मागणारेही पाहिले. औषधाला प्रसादाचा मान देणारा हा एकच माणूस. मला तेव्हा त्याचं कौतुकच वाटायचं.

अण्णा आचारी होते, आणि त्यातही हळदीचे आचारी. आमच्या कर्जत-खालापूरकडे लग्न एक वेळ आटोपशीर झालेलं चालतं, हळद मात्र दणक्यातच लागते. आदल्या संध्याकाळी मांडवात सगळं गाव लोटतं. एकीकडे मटणाचे टोप रटरटत असतात, एकीकडे आडोशाला बाटल्यांची खोकी, आणि या सगळ्यावर डीजेचा दणदणाट. दुसऱ्या दिवशी कुणाला विचारलं, हळद कशी झाली, तर तो नवरीबद्दल चकार शब्द बोलत नाही, मटणाबद्दल बोलतो. त्या मटणासाठी चौक गावापासून कर्जतपर्यंत अण्णांना बोलावणी असत. त्यांचं गाव डोंगराच्या कडेला. घरची थोडी भातशेती होती, ती धाकटा भाऊ बघायचा आणि अण्णा टोप बघायचे. बेताची उंची, पुढे आलेलं पोट, डोक्याला गुंडाळलेला पंचा आणि कायम लालसर डोळे. विचारलं की म्हणायचे, धुरानं होतं ते. नुसत्या धुरानं होत नव्हतं, हे साऱ्या तालुक्याला ठाऊक होतं.

पिण्याला त्यांच्या धंद्यात मानाची जागा होती. चूल पेटली की यजमान स्वतः येऊन पहिला ग्लास आचाऱ्याच्या हातात देतो. आचाऱ्यानं त्यातले चार थेंब चुलीला वाहायचे, देवाचं आणि पितरांचं नाव घ्यायचं आणि उरलेला आपण घ्यायचा. हा चुलीचा मान. तो घेतला नाही तर मटण उतरत नाही, असं लोक मानतात. अण्णा तो मान जन्मभर घेत आले, आणि मानाच्या मागोमाग येणारे बिनमानाचे ग्लासही घेत आले.

पण या माणसाची एक शिस्त होती. त्यांच्याकडे भांड्यांचे दोन वेगळे संच होते, मटणाचे वेगळे आणि भाजीचे वेगळे. डाव वेगळे, झारे वेगळे, घासायचा काथ्यासुद्धा वेगळा. आमच्या शेजारच्या लग्नात दोन्ही जेवणं होती आणि मी शाकाहारी पंगतीच्या आशेवर ताटकळत बसले होते. भाजीचा टोप उतरला, आणि तेवढ्यात अण्णांच्या मेहुण्यानं घाईघाईत मटणाचा डाव त्यात बुडवला. आमच्यापैकी कुणीच पाहिलं नव्हतं. अण्णांनी पाहिलं. त्यांनी दोघांच्या मदतीनं तो भरलेला टोप उचलला, मागच्या खड्ड्यात ओतला आणि बटाटे पुन्हा चिरायला घेतले. यजमान ओरडत होते, पाहुणे कुरकुरत होते, माझ्याही पोटात कावळे कोकलत होते. कुणीतरी म्हणालं, "अण्णा, कोन बघतंय?" अण्णा मान वर न करता म्हणाले, "मी बघितलं ना. पितो मी, लपवत नाय. पन भेसळ नाय करनार."

ती भाजी आम्ही फार उशिरा जेवलो. अशी बटाट्याची भाजी मी नंतर कधी खाल्ली नाही.

पुढे एका हळदीच्या दुपारी, खालापूरच्या बाजूच्या एका गावात, कांदा-खोबरं भाजता भाजता त्यांना दरदरून घाम फुटला. गॅस झालाय म्हणून ते सोडा प्यायले. मग डावा हात धरून चुलीपाशीच खाली बसले. कुणाच्या तरी गाडीतून पनवेलला नेलं, तिथे त्यांच्या हृदयात स्प्रिंग बसवली. स्प्रिंग म्हणजे स्टेंट, हा आमच्याकडचा शब्द. ती बसवलेला माणूस गावात निम्मा डॉक्टर समजला जातो. घरी आल्यावर ते बायकोला, सुरेखाला, घेऊन दुकानात आले. मी रक्त पातळ ठेवायची गोळी दाखवली, बीपीची दाखवली, सकाळची कुठली नि रात्रीची कुठली ते दोघांना समजावलं. मग विचारलं, "दारूचं काय म्हणाले डॉक्टर?"

"बोलले, या गोळ्यांवर दारू चालनार नाय. एकत्र झालं तर जिवावर बेतंल."

"मग काय ठरवलंत?"

"ठरवायचं काय त्यात? एकत्र करनार नाय. माझा शब्द हाय, ताई."

सुरेखानं पदर डोळ्यांना लावला. मलाही बरं वाटलं. एक तरी माणूस सुधारला म्हणून मी त्या दिवशी खुशीत होते.

त्यानंतर अण्णांचं येणं-जाणं सुरू राहिलं, पिशवी फाकवून धरणं सुरू राहिलं. गोळ्या मात्र त्यांना फारच पुरायच्या. इतर पेशंट महिना संपला की दारात उभे; हे गृहस्थ आपले सावकाश उगवायचे. मी टोकलं तर म्हणायचे, "रेश्मा आनते कधी कधी." रेश्मा त्यांची एकुलती मुलगी, खालापूरला एका कंपनीच्या ऑफिसात लागलेली. तिकडून आणत असेल, मी म्हटलं. श्रावणात मात्र ते वेळेवर येत, गोळ्या स्वतःच्या हातानं घेत, आणि चेहरा असा टवटवीत की ओळखू येऊ नयेत. "श्रावन मानवतो मला," म्हणायचे. घरात सगळ्यांची खात्री की महादेव सांभाळतोय. गणपती गेले, दसरा आला, की पुन्हा चेहरा सुजायचा, पायरी चढताना धाप लागायची. मग घरचे पुढच्या श्रावणाची वाट बघायचे.

असाच एकदा दसरा झाल्यावर सुरेखा एकटीच आली आणि अण्णांसाठी ताकदीचं टॉनिक मागू लागली. पाय सुजतात म्हणाली, रात्री उशी उंच लागते म्हणाली. मी विचारलं, गोळ्या नीट चालू आहेत ना?

"एकदम नीट, ताई. मी सोता देते. डबी देव्हाऱ्यापाशीच ठेवलीय. न घ्यायच्या वारी सकाळ-संध्याकाळ गोळी. घ्यायच्या वारी डबीला हातच लावू देत नाय. एकदा बुधवारी इसरून तोंडात टाकायला निघालेले, मी हातातनं काढून घेतली. मीच बोलले, मरायचं हाय काय?"

मला पहिल्यांदा कळलंच नाही. "न घ्यायचे वार म्हणजे गं?"

"म्हनजे दारू-मटन न घ्यायचे. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. मधी चतुर्थी आली तर ती पन."

"आणि मंगळवार?"

"मंगळवार देवीचा. तिला चालतं." हे ती अगदी सहज म्हणाली.

मी स्टूल ओढून बसले. समोरची बाई नवऱ्याला वाचवायला निघाली होती आणि खाण्याच्या वारी त्याच्या हातातली गोळी काढून घेत होती. स्प्रिंगमध्ये रक्त गोठू नये म्हणून जी गोळी एक दिवसही चुकवायची नाही, ती हा माणूस उपासासारखी वार बघून घेत होता. श्रावण त्यांना का मानवतो, तेही लख्ख कळलं. श्रावणात सगळेच दिवस गोळीचे होते. डॉक्टर खोटं बोलले नव्हते, अण्णांनी शब्द मोडला नव्हता, सुरेखानं हयगय केली नव्हती. रागवायचं कुणावर तेच मला कळेना, आणि राग तर मनस्वी आला होता.

मी दुसऱ्याच दिवशी अण्णांना बोलावून घेतलं. म्हटलं, "अण्णा, बंद दारू करायची होती. गोळी नव्हे."

"बंद करा कुठं बोलले? एकत्र चालनार नाय बोलले. मी एक दिवस पन एकत्र केलं नाय. इचारा हिला." आवाजात अभिमान होता. भाजीचा टोप ओतला होता तेव्हाचाच तो आवाज. मी इथल्या डॉक्टरांकडे दोघांना पाठवलं. त्यांनी भल्या माणसासारखं पुन्हा पहिल्यापासून समजावलं. दारू एकही दिवस नाही, आणि गोळी एकही दिवस चुकवायची नाही, मग आकाश कोसळो. परत येताना अण्णा माझ्या दुकानाच्या पायरीवर टेकले.

"म्हनजे सगळेच वार गोळीचे?"

"सगळेच."

त्यांनी सोमवारपासून रविवारपर्यंत बोटांवर मोजलं. मग मान वळवून म्हणाले, "मंग ताई, माझा वार कुठला?"

आजवर लोकांनी मला नाना प्रश्न विचारले. बहुतेकांना माझ्याकडे गोळी असते, नसली तर मागवून देता येते. या प्रश्नावर मी महिन्याच्या गोळ्या मोजून त्यांच्या पिशवीत टाकल्या.

पुढची दोन-तीन वर्षं आठवली की मला अजून थकवा येतो. अण्णा सोडायचे. खरंच सोडायचे. पंधरवडा, महिना नीट जायचा. मग कुणाच्या तरी हळदीचं बोलावणं यायचं, चूल पेटायची, यजमान ग्लास घेऊन यायचा. अण्णा चार थेंबांच्या जागी सगळा ग्लास चुलीला वाहायला बघायचे तर म्हातारे चिडायचे. "अण्णांनी मान घेतला नाय, आता मटन बिघडलं तर?" एकदा खरोखरच रश्शाला मीठ जास्त पडलं आणि त्याचं खापर न घेतलेल्या ग्लासावर फुटलं. शिवाय कर्जतच्या आसपास आता जिकडेतिकडे फार्महाउस झाली आहेत. मुंबईची माणसं शुक्रवारी उतरतात ती रविवारपर्यंत, आणि त्यांना अण्णांच्या हातचं चुलीवरचं मटण हवं असतं. ते आग्रह करतात, स्वतःच्या हातानं ओततात, महागातलं ओततात. तीन दिवस अण्णा तिकडे आणि डबी इकडे देव्हाऱ्यापाशी.

मी म्हटलं, डबी बरोबर न्या. निदान गोळी तरी चुकवू नका. तर एका रविवारी त्यांनी गोळी घेतली, थोड्या वेळानं ग्लासही घेतला, आणि चुलीवरून उठताना त्यांचे डोळे फिरले. कोपर निखाऱ्यावर टेकलं. हाताला पट्टी बांधून दुकानात आले ते जणू खटला जिंकून. "बघितलं, ताई? एकत्र केल्यावर काय होतं? मी सांगत होतो." मला हसावं की त्यांच्या पाठीत धपाटा घालावा हे कळेना. मी म्हटलं, "अण्णा, दोन्हींतलं एक सोडायचं. जे सोडायचं ते सोडा ना." "तेच तर करत होतो," ते म्हणाले.

सुरेखाची काय दशा होती ते मी बघत होते. घरात बाटली दिसली की ती ओतायची, शेजारून बोलावणं आलं की मधे उभी राहायची, संध्याकाळी नवऱ्याच्या तोंडाचा वास घ्यायची आणि मग गोळी हातात धरून विचार करत बसायची, देऊ की नको. या संसारात तिच्या वाट्याला हेच काम आलं होतं. मला फोन करायची, "ताई, थोडी घेतलीय. देऊ?" मी डॉक्टरांना विचारायला सांगायची. डॉक्टर तेच सांगायचे, मीही तेच सांगायची. माणसाचा कंटाळा आला नव्हता मला. अण्णांचा येईलच कसा? त्याच त्या वाक्यांचा आला होता. दुकानातल्या रिकाम्या खुर्चीसमोरही मी ती म्हणून दाखवली असती.

मग रेश्माचं लग्न ठरलं. मुलगा चौकचा, त्याच्या बापाचं तिथे गॅरेज. अण्णांनी पहिल्याच बैठकीत जाहीर करून टाकलं की मुलीच्या हळदीचं मटण बाप करणार. तेव्हा रेश्मा दुकानात आली होती बापाला घेऊन. पोरगी शांत, कमी बोलणारी. काउंटरला टेकून ती त्यांना म्हणाली, "बाबा, माझ्या हळदीला तुमी मांडवात उभे पायजेत. खाटेवर नको. फोटोला हार घालून पन नको." अण्णांनी पंचा सोडला, झटकला, परत गुंडाळला. आणि त्या दिवाळीपासून खरोखर सोडली.

या वेळी ते निराळं होतं, हे मला गोळ्यांवरूनच समजलं. वेळच्या वेळी येऊ लागले. हात थरथरायचे, चिडचिड व्हायची, बाहेर बाकावर बसून राहायचे. "काय होतंय, अण्णा?" विचारलं की म्हणायचे, "दिस लांबलाय, ताई. संध्याकाळ संपतच नाय." एकदा म्हणाले, "लोकांना वाटतं चवीसाठी पितो. चव कुठं असती? टोप उतरल्यावर माझ्याशी बोलायला कोन असतं? सगळी पंगतीत. ग्लास होता." एवढं मनातलं ते पहिल्यांदाच बोलले. मी आतून चहा आणला. तो त्यांनी फुंकर मारून मारून प्यायला. मग तो त्यांचा रिवाजच पडला. उन्हं उतरली की यायचे, बाकावर बसायचे, गिऱ्हाइकांना उगाच सल्ले द्यायचे. एका मधुमेहवाल्याला त्यांनी इतकं झापलं की तो पुन्हा माझ्याकडे आला नाही.

हळदीच्या संध्याकाळी मी गेले तेव्हा अण्णा मांडवामागे चुलीपाशी उभे होते. नवीन सदरा, डोक्याला नवा पंचा. तीन टोप लागले होते. चौकहून व्याही आले होते, ते आमच्याकडच्या रीतीप्रमाणे स्वतः ग्लास घेऊन आले. आज अण्णा आचारीही होते आणि मुलीचे बापही. दोन्ही नात्यांनी मान त्यांचाच. सगळे बघत होते. सुरेखा भाताच्या परातीपाशी डाव हातात धरून उभी होती. अण्णांनी ग्लास दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि सगळाच्या सगळा चुलीत ओतला. जाळ फस्सकन वर आला, व्याही दोन पावलं मागे सरले. "व्याही, मान घेतला," अण्णा म्हणाले, "माझ्या वाटनीचा पन चुलीनं घेतला. लई वर्सं माझ्यासंगं उभी हाय ती." व्याही दिलदार निघाले. हसले आणि त्यांनी अण्णांना मिठी मारली.

पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते त्यानंतर. गोळीची वेळ झाली होती. सुरेखा डबी घेऊन आली आणि घोटाळली, कारण अण्णांचे हात कोपरापर्यंत मसाल्यात माखलेले होते. मटणाच्या टोपापुढे, अंघोळीशिवाय, कधीच न घेतलेली ती गोळी. अण्णांनी तिच्याकडे बघितलं आणि लहान मुलासारखा आ केला. "टाक गं. आज बाटली तर बाटू दे." तिनं गोळी त्यांच्या जिभेवर ठेवली. मांडवात नुसता गोंगाट होता, त्या दोघांकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

मटण चांगलं झालं होतं म्हणतात. मी खात नाही. पण ग्लास न घेताही मटण उतरलं, ही बातमी चौकपर्यंत गेली.

इथे मला थांबता आलं असतं तर किती बरं झालं असतं. रेश्मा सासरी गेली. जे करायचं म्हणून अण्णांनी स्वतःला बांधून घेतलं होतं ते पार पडलं. घरात दोघंच. पहिले काही आठवडे ते बाकावर येत राहिले, मग एक दिवसाआड, मग येईनासे झाले. सुरेखाचा फोन पुन्हा यायला लागला. "ताई, थोडी घेतलीय. देऊ?" तिच्या आवाजात आता रडूही नव्हतं. मी एकदा रस्त्यात अण्णांना गाठलं, चांगलं खडसावलं. ते ऐकून घेत राहिले आणि शेवटी म्हणाले, "ताई, रेश्मासाठी सोडली ती सोडली. आता कोनासाठी?" मागे सुरेखा उभी होती, हातात भाजीची पिशवी. तिनं ऐकलं. मला त्या वेळी अण्णांचा जेवढा राग आला तेवढा कधीच आला नव्हता.

आषाढ संपत आला. श्रावण लागला की महिनाभर दारू-मटण बंद, म्हणून आधीच्या अमावास्येला लोक गटारी करतात, पोटभर खाऊन-पिऊन घेतात. आता तर ती आठवडाभर चालते, आणि सगळी फार्महाउस आधीच भरून जातात. अण्णांना एकाकडून दुसऱ्याकडे अशी बोलावणी होती. जाताना सुरेखानं डबी पुढे केली तर म्हणाले, "राहू दे. मधी मधी घेतली तर एकत्र व्हायचं. श्रावन लागला की रोज घेतो. पार गनपतीपर्यंत." पुन्हा तेच, पहिल्यापासून. सगळं ऐकून, समजून, पडून, भाजून झाल्यावर माणूस परत आपल्या जुन्या जागेवर जाऊन उभा राहिला होता. गटारीच्या दुपारी तो तिथेच पडला. चुलीपाशी. या वेळी पनवेलपर्यंत पोचला नाही.

श्रावणाच्या पहिल्या दिवशी सकाळी त्यांना नेलं. मी दुकान बंद ठेवून गेले होते. रेश्मा बापाच्या पायाशी बसली होती. सुरेखा माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "एक दिवस थांबले असते तर, ताई. एक दिवस."

लोक हळहळतात आणि सोडून देतात. दारूनं गेला, असं एका वाक्यात आटपतात. मला ते वाक्य पुरत नाही. दारूनं गेला हे खरंच आहे. पण हा माणूस आपल्या समजुतीप्रमाणे इमानदारीनं वागत वागत गेला, आणि त्याची बायको त्याच इमानदारीनं त्याला साथ देत राहिली. अशा माणसांना काय सांगायचं असतं, ते मला इतकी वर्षं काउंटरमागे उभं राहूनही नीट कळलेलं नाही. हल्ली कुणाला हृदयाच्या गोळ्या देताना मी आधी विचारते, तुमच्याकडे वार कुठले पाळतात? लोकांना वाटतं, मेडिकलवाल्या ताईंना देवाधर्माचं वेड लागलं.

वर्षश्राद्ध झालं आणि पाठोपाठ पितृपक्ष आला. अण्णांच्या तिथीच्या दिवशी, अमावास्येला, सुरेखा सकाळी सकाळीच दुकानात आली. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या आवडीचं त्या दिवशी पितरांच्या पानावर वाढून ठेवतात. स्वयंपाक झाला होता, रेश्मा येऊन मदत करत होती. "दीर क्वार्टर घेऊन आलेत," ती म्हणाली. "बोलतात, दादाची आवड होती, पानावर ठेवायलाच लागते. मी नको बोलले. आयकत नायत."

"मग ठेव की," मी म्हटलं. भांडायचं त्राण माझ्यातही नव्हतं. "आता काय व्हायचं राहिलंय?"

"ठेवनार हाय. ताई, मला ती रक्ताची गोळी द्या, एकच. घरातल्या सगळ्या मी टाकून दिल्या तेव्हा."

"कशाला गं?"

"निस्ता ग्लास बघितला तर त्यांना वाटंल, आज पन तसलाच वार हाय." ती काउंटरकडे बघत बोलत होती. "गोळी ठेवली म्हनजे समजंल, रोजची रोज घ्यायची."

मी पट्टीतून एक गोळी कापली आणि तिच्या हातावर ठेवली. तिनं ती पदराच्या टोकाला बांधली आणि पायरी उतरली. दोन पावलं जाऊन थांबली, मागे वळून म्हणाली, "पान्याचं भांडं येगळं ठेवते, ताई. ग्लासातल्यासंगं नाय गिळू देनार."